प्लाझ्मा गोळा प्रदर्शनात मांडण्याआधी

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून प्लाझ्मा गोळा (आतल्या वायूत प्रकाशाचे तंतू नाचतात तो काचेचा गोळा) आणलास, उत्तम. पण ‘बोटातून वीज जमिनीत जाते’ एवढंच सांगून सुटू नकोस. कुणीतरी रबरी चपला घालून हात लावेल, प्रकाशाचा तंतू तरीही बोटाकडे येईल आणि तुझी पंचाईत होईल.

मधल्या इलेक्ट्रोडवर (वीज पुरवणाऱ्या भागावर) काही हजार व्होल्ट असतात आणि त्यांची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटते. अशा प्रवाहाला काच पूर्ण अडवू शकत नाही. आत वीजवाहक झालेला वायू, बाहेर बोट, मध्ये काच: झाला की कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारी जोडी! तुझं शरीरही साधारण १०० पिकोफॅरडचा, म्हणजे अगदी छोटा, कपॅसिटर. दर फेरीत ते थोडा विद्युतभार घेतं आणि परत देतं, चपला असोत वा नसोत. बोटाजवळचं विद्युतक्षेत्र तीव्र होतं, म्हणून तिथला तंतू जाड होतो आणि बाकीचे मलूल पडतात.

शब्दांपेक्षा ट्यूबलाइट बरी. नुसती हातात धरून जवळ ने, उजळते. (पोरं इथेच रेंगाळतात.)

काचेवर नाणं मात्र कुणाला ठेवू देऊ नकोस; ठिणगीने बोट पोळतं. पेसमेकर असलेल्या आजोबांना लांब उभं कर, मोबाइलही दूर ठेव.