18 पूर्ण व्हायच्या आत अर्ज कर

प्रिय,

मार्चमध्ये तुला 18 पूर्ण होतील आणि दुसऱ्याच दिवशी पेटी उचलावी लागेल, असं तुझ्या डोक्यात कुणीतरी भरवलंय. बालगृहातून नाव कमी होईल, हे खरं. पण बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 46 मध्ये बाहेर पडणाऱ्या मुलामुलींसाठी मदतीची तरतूद आहे. ती 21 वर्षांपर्यंत मिळू शकते, अपवादात्मक परिस्थितीत 23 पर्यंत. आपल्याकडे याला अनुरक्षण म्हणतात. घरी आणून कुणी देत नाही, मागावं लागतं. तेही लेखी.

जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या नावे आत्ताच अर्ज लिही. प्रत बाल कल्याण समितीला, म्हणजे तुला बालगृहात ठेवण्याचा आदेश देणाऱ्या समितीला दे आणि पोच घेतल्याशिवाय निघू नकोस. नुसतं 'मदत मिळावी' लिहिलेले अर्ज फायलीत पडून राहतात. नर्सिंगला जायचंय, कोर्स किती वर्षांचा, तोवर राहायला जागा का हवी, हे स्पष्ट लिही.

अनुरक्षणगृहात मुलींसाठी जागा कमी, कदाचित दुसऱ्या जिल्ह्यात जावं लागेल. नियमांत सहा-आठ जणींनी मिळून राहायच्या गटनिवासाचीही सोय आहे. तुमच्या भागात एखादी संस्था तो चालवत असेल तर मी तोच निवडायला सांगेन. लाइटबिल, भाजी, भांडी कुणी घासायची यावरची भांडणं हे सगळं पाठीशी कुणी असतानाच शिकून झालेलं बरं. मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या बालकांसाठीच्या योजनेतून महिना 4,000 रुपये मिळू शकतात. पण पुण्यात कॉट बेसिसवर राहून मेस लावलीस की त्यात भागणार नाही, आणि पैसे दर महिन्याला वेळेवर पडतील असंही धरू नकोस. कॉलेजला कमवा आणि शिका योजना आहे का, ते प्रवेशाआधीच विचार.

आता मामांबद्दल. इतकी वर्षं भेटायला न आलेला माणूस 18 जवळ आल्यावर 'घरी चल' म्हणतोय. त्यांच्या मनात वाईटच आहे असं नाही. पण आधी दिवाळीत चार दिवस राहून ये, मामी कशी बोलते ते बघ. 'चांगलं स्थळ आहे' असं संस्थेतलं कुणी म्हणालं, तर 'शिक्षण झाल्यावर बघू' म्हण. लग्न हा राहायच्या जागेवरचा उपाय नव्हे. यावर माझ्याशी वाद घालणारे पुष्कळ आहेत, घालू देत.

तुझे आईवडील दोघंही नाहीत, तेव्हा अनाथ प्रमाणपत्राचा अर्ज संस्थेत असतानाच दे. तुझी जुनी फाईल तिथेच आहे. बाहेर पडल्यावर तीच शोधायला हेलपाटे घालावे लागतात. 2018 पासून राज्यात अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत 1 टक्का आरक्षण आहे, ते या कागदाशिवाय मिळत नाही. आणि आधार, शाळेचा दाखला, समितीचा आदेश या तिन्हींवर तुझं नाव शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर तपास. एका वेलांटीवरून अर्ज परत येतो. बँकेतलं खातं अजून अज्ञान, म्हणजे 18 खालची, म्हणून असेल. 18 झाल्यावर केवायसी नव्याने करावी लागेल.

अर्जाचा मसुदा रविवारपर्यंत पाठव. शुद्धलेखन मी बघते.

तुझी,
ताई