गच्चीवरची पार्टी आणि वरून ओतायचं तेल: तुमचे प्रश्न

गेल्या अंकात मेझ्झेबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, म्हणजे लेबनॉन, तुर्कस्तान, ग्रीसकडे छोट्या छोट्या बश्यांमध्ये आठ-दहा पदार्थ मांडतात आणि सगळे मिळून रोटीच्या तुकड्याने पुसून पुसून तासन्‌तास खात बसतात, ते. त्यावर एवढे प्रश्न आले की ह्यावेळी दुसरं काही घेताच आलं नाही.

प्रश्न: मुलीच्या वाढदिवसाला गच्चीवर पंधराएक जण येणारेत आणि तिला 'मेडिटेरेनियन' हवंय. निम्मं सामान ऑनलाइन मागवावं लागेल असं दिसतंय, ऑलिव्ह ऑइलची किंमत बघून तर घामच फुटला. स्वस्तात आणि माझी दमछाक न होता कसं जमवू? (एक वाचक, पुणे)

ताई, ती सामानाची लिस्ट आधी फाडून टाका बघू. काबुली चणे, वांगी, दही, काकडी, टोमॅटो, लिंबू, लसूण, तीळ, पुदिना, हे तुमच्या घरात असतंच आणि तिकडची माणसंपण बरीचशी ह्याच्यावरच जेवतात. खरा फरक आहे तो तेल कधी घालायचं ह्यात. आपण आधी तेल तापवणार, मोहरी तडतडली की मग पुढचं. तिकडे कितीतरी पदार्थांना फोडणीच नसते, सगळं तयार झालं की शेवटी वरून कच्चं तेल, लिंबू आणि मीठ. आणि हे आपल्याला काही नवीन नाहीये हो, भाकरीवर ठेचा आणि त्यावर कच्च्या तेलाची धार आपण खातोच की.

म्हणून ऑलिव्ह ऑइलची एकच छोटी बाटली आणा, पाव लिटरची, पण एक्स्ट्रा व्हर्जिन (म्हणजे रिफाइन न केलेलं), आणि ती फक्त वरून घालायला ठेवा. बाकी स्वयंपाक नेहमीच्या तेलात करा. 'लाइट' लिहिलेलं घेऊ नका, लाइट म्हणजे कॅलरी कमी नव्हे, ते रिफाइन केलेलं असतं म्हणून चवीला हलकं. पोमेस म्हणजे फळं पिळून झाल्यावर उरलेल्या चोथ्यातून काढलेलं, ते तळायला चालेल, वरून घालायला नको. आणि बाटली गॅसशेजारी ठेवू नका, ऊन आणि उष्णता लागली की वास लवकर जातो.

आता बेत. आदल्या रात्री किलोभर दही फडक्यात बांधून फ्रीजमध्ये टांगा, सकाळी चक्का तयार. त्यात साखरेऐवजी मीठ घातलं की तो झाला लबने, म्हणजे श्रीखंड होता होता राहिलेला भाऊच! ताटलीत पसरा, चमच्याच्या पाठीने खळगे करा, त्यात तेल सोडा, वर सुका पुदिना चुरडा. शेजारी हमस (काबुली चणे आणि तिळाचं मऊ वाटण, कृती पुढच्या उत्तरात), भाजलेलं वांगं, आणि काकडी-टोमॅटो-कांद्याचे मोठे मोठे तुकडे (गावाकडच्या ग्रीक सॅलडमध्ये लेट्यूस नसतंच, ते हॉटेलवाल्यांचं खूळ). सॅलडमधलं फेटा चीज महाग वाटलं तर पनीरचे तुकडे दोन कप पाण्यात दोन चमचे मीठ आणि चमचाभर व्हिनेगर घालून रात्रभर ठेवा. फेटा होणार नाही, तो मुख्यतः मेंढीच्या दुधाचा, आणि युरोपियन युनियनच्या 2002च्या नियमाने ग्रीसबाहेरच्या चीजला ते नावही लावता येत नाही, पण सॅलडमध्ये काम भागतं.

ह्यातलं काहीच गरम गरम वाढायचं नसतं, त्यामुळे पाहुणे आले तेव्हा तुम्ही खाली गॅसपाशी आणि पार्टी वर गच्चीत असं होणार नाही. फक्त चक्का आणि हमस उन्हात ठेवू नका, उन्हाळा असेल तर तासाभरात परत फ्रीजमध्ये, त्यापेक्षा दोन छोटे बाऊल करून एकामागून एक काढा.

प्रश्न: हमस घरी केलं की रवाळ होतं आणि जरा कडूही लागतं. हॉटेलसारखं मऊ का होत नाही? (एक वाचक, ठाणे)

माझं पहिलं हमस म्हणजे लिंबू पिळलेलं पिठलं होतं, त्यामुळे तुमचं दुःख मला कळतं. रवाळपणा सालांमुळे येतो. एक कप काबुली चणे रात्रभर भिजवा, शिजवताना पाव चमचा खायचा सोडा घाला, त्याने सालं विरघळल्यासारखी होतात. आणि शिजवायचे ते उसळीसारखे नाही, बोटांनी दाबला की पार लगदा झाला पाहिजे, कुकरला आपण उसळीला करतो त्याच्या दुप्पट शिट्ट्या. थोडे गार होऊ द्या, पण फ्रीजमधले थंडगार चणे वाटू नका.

कडूपणा बहुतेक तिळाचा. आपल्याला चटणीसाठी तीळ खमंग भाजायची सवय, इथे तसं नाही चालत. पॉलिशचे पांढरे तीळ मंद आचेवर फक्त गरम होईपर्यंत हलवा, रंग बदलायच्या आत उतरवा आणि चमचा-दोन चमचे तेल घालून मिक्सरला इतकं फिरवा की पातळ धार पडेल. ही ताहिनी. एक कप चण्यांना अर्धा कप तरी लागते, इथे लोक हात आखडता घेतात आणि मग चणाडाळ वाटल्यासारखी चव येते.

आता गंमत बघा. ताहिनीत लिंबाचा रस घातला की ती एकदम घट्ट होऊन गोळा होते, मी पहिल्यांदा ते बघून फाटलं म्हणून अख्खं फेकून दिलं होतं! फेकू नका. बर्फाचं पाणी चमच्या-चमच्याने घालत फेटा, चार-पाच चमच्यांनंतर ती अचानक पांढरी, हलकी, क्रीमसारखी होते. मग त्यात चणे वाटा. लसूण कच्चा झोंबतो म्हणून दोन पाकळ्या ठेचून आधी लिंबाच्या रसात दहा मिनिटं ठेवा, आंबटाने त्याचा तिखटपणा बसतो.

प्रश्न: सासूबाई म्हणतात बाबा गनूश म्हणजे आपलं भरीतच, मिरची विसरलेलं. खरंय का? (एक वाचक, जळगाव)

जळगावात राहून सासूबाईंशी भरितावर वाद घालताय, धाडसच म्हणायचं. अर्धं खरंय. वांगं थेट आचेवर काळं होईपर्यंत भाजायचं हे दोन्हीकडे सारखंच. पुढे तुम्ही मिरची, लसूण घालून बडगीत ठेचणार, ते ताहिनी आणि लिंबू घालणार, आणि लेबनॉन-सीरियाकडे ह्या ताहिनीवाल्याला बहुतेक मुतब्बलच म्हणतात. एक फरक महत्त्वाचा, सोललेलं वांगं वीस मिनिटं चाळणीत निथळत ठेवायचं, नाहीतर ताहिनी पाणचट होते. आणि गॅसवरच्या वांग्याला तुराट्यांवर भाजल्याचा वास येत नाही हे तुम्हाला मी काय सांगू. पुढच्या हुरडा पार्टीला आगटीत दोन वांगी जास्तीची टाका, एक भरताला, एक मुतब्बलला, आणि निकाल सासूबाईंना लावू द्या.

प्रश्न: सुमाक कुठे मिळत नाही. त्याऐवजी काय? (एक वाचक, रत्नागिरी)

रत्नागिरीतून हा प्रश्न! सुमाक म्हणजे एका झुडपाच्या लाल आंबट फळांची भरड पूड. तुमच्याकडे आमसुलं आहेत. चांगली कडकडीत वाळवा, मिक्सरला फिरवा, चिमूटभर मीठ. रंग काळपट येईल, आंबटपणा जास्त येईल म्हणून निम्म्यानेच घाला. कांद्याच्या पातळ चकत्यांना चोळून बघा, आमच्याकडे आता कबाबासोबत तेच असतं.

प्रश्न: अबुधाबीत सगळं मिळतं, पण सुट्टीत नागपूरला आलो की तबुलेह सॅलड जमत नाही, दलियाची खिचडी होते. (एक वाचक, अबुधाबी)

कारण बुलगुर आणि दलिया एक नाहीत. बुलगुर म्हणजे गहू आधी उकडून, वाळवून मग भरडलेला, म्हणून बारीक बुलगुर नुसता भिजवला तरी चालतो. आपला दलिया कच्च्या गव्हाचा, तो शिजवावाच लागतो आणि शिजला की चिकटतो. बारीक दलिया कोरडा भाजा, भरपूर उकळत्या पाण्यात शिजवा, कणी मोडायच्या आत चाळणीत ओता, गार पाण्याखाली धरा आणि फडक्यावर पसरून सुकू द्या. आणि प्रमाण उलटं ठेवा, तबुलेह हे पार्सलीचं सॅलड आहे, गहू नावापुरता. पार्सली नसेल तर कोथिंबीर-पुदिना चालेल, चव वेगळी होईल पण वाईट नाही.

प्रश्न: अंगणात निखाऱ्यावर बांगडे भाजायचेत, मसाला न लावता काही तिकडचं सांगा. (एक वाचक, मालवण)

ग्रीसमध्ये लादोलेमोनो करतात, दोन भाग ऑलिव्ह ऑइल, एक भाग लिंबाचा रस, मीठ, ओरेगॅनो, बाटलीत घालून जोरात हलवायचं. ते मासा भाजून झाल्यावर ओतायचं, आधी नाही. बांगडा फडक्याने अगदी कोरडा करा, चिरा द्या, मीठ आणि जरासं तेल चोळा, जाळी चांगली तापू द्या, आणि एकदा ठेवला की हात लावू नका, सुटायला लागला की आपोआप कळतं. जाळीला चिकटतो तो घाई केली म्हणून. उरलेल्या तेलात लसूण टाकून बाटली ओट्यावर ठेवायचा मोह होईल, तो टाळा, तेलात बुडालेला कच्चा लसूण बाहेर ठेवणं धोक्याचं असतं, फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. बांगडे असतील तर तेवढंही उरणार नाही म्हणा.