पिस्तूल सारखं-सारखं अडकूलंय? आधी हे बघ

भावा, सरावाचं नवीन .22 पिस्तूल (.22 म्हणजे बारीक गोळीचं) अडकूलंय म्हणून लगेच विकायला काढू नकोस. पहिलं म्हणजे मनगट. सेमी-ऑटोची (गोळी सुटली की पुढची आपोआप भरणाऱ्या पिस्तुलाची) स्लाईड, म्हणजे वरचा सरकणारा भाग, मागं जायला पिस्तूल हातात घट्ट लागतं, मनगट ढिलं पडलं की गोळीचं रिकामं कवच नीट बाहेर पडत नाही, स्लाईडमध्येच उभं अडकतं, आणि नवीन पोरं दोष पिस्तुलाला देतात.

मग मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरायचा डबा. प्रत्येकावर मार्करनं नंबर घाल, कुठल्यात अडकतंय ते लिहून ठेव, बऱ्याचदा एकच मॅगझिन वाईट निघतं. गोळ्यांचा ब्रँडपण बदलून बघ, .22 पिस्तूल त्या बाबतीत लई नखरेल.

खानापूरकडचा पाऊस तुला माहीतच आहे, त्या दमट हवेत गंज लवकर धरतो, सराव झाला की पुसून हलकं तेल लाव, पण थबथबून नको, त्यात काजळी चिकटते.

आणि हे पाठच कर:
- ट्रिगर दाबूनपण गोळी उडाली नाही तर नळी टार्गेटकडंच धरून 30 सेकंद थांब.
- आवाज बारीक आला तर पुढची गोळी अजिबात मारायची नाही, नळीत शिसं अडकलेलं असू शकतं. हात वर कर, रेंज ऑफिसरना (सरावाच्या जागी सुरक्षेवर लक्ष ठेवणाऱ्यांना) बोलव.
- अडकलं म्हणून पिस्तूल स्वतःच्या तोंडाकडं फिरवून बघायचं नाही.

स्प्रिंग बदलणं, घासणं वगैरे आत्ता नकोच.