ओतीव गोळ्या आणि जुनी लष्करी रायफल: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: माझ्याकडे दुसऱ्या महायुद्धातली ली-एन्फील्ड नंबर ४ (.३०३) आहे. विकत आणलेल्या ०.३११ इंचाच्या ओतीव शिशाच्या गोळ्या वापरून काडतुसं घरीच भरतो. ५० यार्डांवरही ग्रुप (कागदावरच्या छिद्रांचा पुंजका) फाकतो आणि कागदावरची काही छिद्रं लांबट येतात. पावडर बदलू का?
– एक वाचक, टेक्सास

उत्तर: पावडर आहे तशी राहू द्या, आधी नळी मोजा. छिद्र लांबट येतं याचा अर्थ गोळी आडवी होऊन कागदावर पोचते आहे. नळीतल्या खाचांनी तिला नीट पकडलेलंच नाही. .३०३ च्या नळीचा खाचांमधला व्यास ०.३११ च्या आसपास धरला जातो खरा, पण युद्धकाळातल्या नळ्या ०.३१४ किंवा त्याहूनही मोठ्या सापडतात. तांब्याच्या आवरणाची गोळी एवढा फरक बऱ्यापैकी चालवून घेते. शिशाच्या गोळीचं तसं नाही. फटीतून तापलेला वायू पुढे घुसतो, गोळीची कड कापत नेतो आणि ते शिसं नळीला चिकटून बसतं.

मोजायची रीत अशी. रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट काढा. नळी साफ करून आतून तेलाचा हात द्या. नळीपेक्षा किंचित जाड, मऊ शिशाचं मासेमारीचं वजन मझलकडून (नळीच्या पुढच्या तोंडाकडून) हलक्या ठोक्यांनी आत घाला आणि पितळी सळईने चेंबरकडून (काडतूस बसतं त्या मागच्या भागाकडून) बाहेर काढा. लाकडी दांडी वापरू नका. ती तिरकी चिरते आणि पाचरीसारखी अडकते. एन्फील्डच्या बहुतेक नळ्यांना पाच खाचा असतात, त्यामुळे एका खाचेच्या बरोब्बर समोर दुसरी येत नाही आणि साधा मायक्रोमीटर कमी माप दाखवतो. व्ही आकाराच्या बैठकीचा मायक्रोमीटर लागतो. तुमची रायफल कॅनडाच्या लाँग ब्रांचची किंवा अमेरिकेच्या सॅव्हेजची असेल आणि नळी दोन खाचांची असेल, तर साध्या मायक्रोमीटरवर भागतं.

जे माप येईल त्यापेक्षा गोळी ०.००१ ते ०.००२ इंच मोठी घ्या. मात्र भरलेलं काडतूस चेंबरमध्ये सहज बसलं पाहिजे. पुंगळीचं, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्याचं, तोंड चेंबरच्या भिंतीत आवळलं गेलं तर दाब धोकादायक वाढतो.

इथे बरेच जण एक गोष्ट विसरतात. काडतूस भरायच्या नेहमीच्या डायमधला (साच्यामधला) एक्स्पांडर, म्हणजे पुंगळीचं तोंड रुंद करणारा भाग, आवरणाच्या गोळीसाठी असतो. त्यातून आलेलं घट्ट तोंड शिशाची गोळी दाबून बारीक करतं आणि मोजूनमापून आणलेल्या गोळीवर पाणी पडतं. पायरी असलेला एक्स्पांडर घ्या. एका काडतुसातली गोळी पुन्हा उपसून मोजा. ती बारीक झाली असेल तर दोष तिथेच आहे. मिश्रधातू कडक केल्याने लहान गोळीचा दोष जात नाही. ९० टक्के शिसं, ५ टक्के कथील, ५ टक्के अँटिमनी आणि बुडाला तांब्याचा गॅस चेक (तापलेला वायू अडवणारी छोटी वाटी) एवढं या कामाला पुरतं.

प्रश्न: चाचणीला किती काडतुसं भरावीत? नळीत शिसं साचलं तर कारण कसं ओळखायचं?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर: आवरणाच्या गोळ्यांमुळे नळीत साचलेलं जुनं तांबं पूर्ण काढल्याशिवाय चाचणी सुरू करू नका. त्या थरावर शिसं पटकन धरतं. पावडरचं प्रमाण छापील मॅन्युअलमधूनच घ्या, तेही तुमच्या गोळीच्या वजनाला दिलेल्या सुरुवातीच्या आकड्यापासून. प्रत्येक भरणीची दहा काडतुसं भरा आणि पाच-पाचचे दोन ग्रुप घ्या. तीन गोळ्यांचा छोटा ग्रुप अनेकदा नुसता योगायोग असतो. साफ केलेल्या नळीतल्या पहिल्या दोन-तीन गोळ्या हिशेबात धरू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला.

शिसं चेंबरजवळ साचत असेल तर गोळी लहान आहे. मझलकडे साचत असेल तर गोळीवरचं वंगण मध्येच संपतं आहे.

सर्वांत मोठा धोका दुहेरी भरणीचा. हलक्या भरणीत वेगाने जळणारी पावडर पुंगळीच्या तळाशीच राहते, त्यामुळे चुकून दोनदा ओतली तरी ती मावते आणि रायफल फुटते. गोळ्या बसवण्यापूर्वी सगळ्या पुंगळ्या ठोकळ्यात उभ्या करा आणि प्रत्येकीत टॉर्चने डोकावून पातळी बघा. बार फुसका वाटला तर तिथेच थांबा आणि नळी आरपार दिसते का ते पाहूनच पुढचं काडतूस घाला.

प्रश्न: पुण्यात आमच्याकडे परवान्याची रायफल आहे. हे इथे करता येईल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर: नाही. शस्त्र कायदा, १९५९ नुसार काडतुसं बनवायला वेगळा परवाना लागतो आणि .३०३ हा बोअर आपल्याकडे प्रतिबंधित आहे.

प्रश्न: बुडावर ‘के. एफ.’ शिक्का असलेली जुनी .३०३ काडतुसं इथे मिळाली. पुंगळ्या पुन्हा भरता येतील?
– एक वाचक, ओहायो

उत्तर: हा शिक्का आपल्या खडकीच्या कारखान्याचा. या पुंगळ्यांना बर्डन पद्धतीचा प्रायमर (पावडर पेटवणारी बुडाची टोपी) असतो. तळाशी मध्यभागी एक छिद्र नसून बाजूला दोन असतात, त्यामुळे नेहमीच्या डायची सुई तिथे मोडते. भरणीसाठी मध्यभागी एकच छिद्र असलेल्या, बॉक्सर प्रायमरच्या नव्या पुंगळ्या घ्या. जुनी काडतुसं तशीच उडवणार असाल तर लक्षात ठेवा, त्यांच्या प्रायमरमुळे नळीत क्षार राहतो आणि गंज चढतो. तेलाने तो विरघळत नाही. त्याच दिवशी नळीतून गरम पाणी ओता, कोरडी करा आणि मग तेल द्या.