घरात मांजरही आहे, मग कुत्र्याच्या गोचिडांवर कोणतं औषध सुरक्षित?

मानेवर टाकायच्या थेंबांच्या पाकिटावर ‘परमेथ्रिन’ लिहिलंय का, ते आधी बघा. कुत्र्याला ते चालतं, पण मांजराच्या यकृताला त्याचा निचरा नीट करता येत नाही. अंग थरथरतं, झटके येतात, जीवही जाऊ शकतो. आमची मनी रोज कुत्र्याच्या पोटाशी झोपते, त्याचे कान चाटते, म्हणून कळकळीने सांगते. गोचिडांसाठी कुत्र्याच्या अंगाला लावतात ते अमिट्राझ या औषधाचं पाणीही नको.

त्यापेक्षा डॉक्टरांना विचारून वजनानुसार फ्लुरालेनर किंवा अफॉक्सोलेनरची चघळायची गोळी द्या, केसांवर काही राहतच नाही. कुत्र्याला फिट येत असतील तर मात्र आधी सांगा.

कानाची घडी, बोटांच्या बेचक्या रोज तपासा. गोचीड चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ ओढा, रॉकेल लावू नका. भिंतीच्या भेगाही बघा, गोचिडीची मादी तिथेच अंडी घालते.