सैनिकी शाळेत येणाऱ्या छोटीला

अगं, कासार आंबोलीला आपल्या राणी लक्ष्मीबाई मुलींच्या सैनिकी शाळेत तुझी निवड झाली, फार आनंद झाला! प्रवेश परीक्षेतले गुण मात्र आता विसर. इथे बहुतेक जणी आपापल्या शाळेत पहिल्या-दुसऱ्या आलेल्या असतात, त्यामुळे पहिल्याच चाचणीत मागे पडलीस तरी तू 'ढ' ठरत नाहीस. गणित अडलं की त्याच संध्याकाळी शेजारणीला विचार. न विचारणाऱ्या हुशार मुलींचंच मला जास्त वाईट वाटतं.

घोडेस्वारीला टाचा खाली, पाठ सरळ आणि लगाम हलका. भीतीने लगाम ओढलास तर घोडा बिथरतो. नेमबाजीत श्वास सोड, क्षणभर थांब आणि ट्रिगर सावकाश दाब, झटका नको. दोन्हींत धसमुसळ्या मुलींपेक्षा शांत मुली लवकर पुढे जातात, हे मी मनापासून सांगते.

आपली शाळा मुळशी तालुक्यात आहे, इथला पाऊस पुणे शहरासारखा नाही. कपडे दिवसेंदिवस वाळत नाहीत. मोजे जास्तीचे आण, प्रत्येकावर नाव शिवून. रात्री घरची आठवण आली तर पांघरुणात रडत बसू नकोस, सरळ माझ्याकडे किंवा वॉर्डनताईंकडे ये.