मोजा फाटला की उसवला? 'लॅडर' आणि 'रन'

एका ताईंनी विचारलं आहे: त्यांची भाची लंडनला नोकरी करते. ऑफिसात टेबलाच्या कडेला अडकून तिच्या टाइट्सना, म्हणजे दोन्ही पायांच्या, कमरेला जोडलेल्या पातळ, लांब मोज्याला, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत उभी रेघ पडली. ती म्हणाली, "माय टाइट इज टोर्न." शेजारची म्हणाली, "ओह, यू हॅव लॅडर्ड युअर टाइट्स!" अमेरिकेतल्या मैत्रिणीने त्याच रेघेला 'रन' म्हटलं. मग बरोबर काय, आणि 'टोर्न' चुकलं कुठे?

आधी उत्तर देतो. ब्रिटनमध्ये लॅडर, अमेरिकेत रन, आणि आपापल्या जागी दोन्ही बरोबर. 'टोर्न' हा शब्दही चूक नाही, पण तो ऐकल्यावर समोरच्याला टरकन फाटलेला, भोक पडलेला मोजा दिसतो. भाचीला सांगायचं होतं ते वेगळं होतं.

हा फरक मराठी माणसाला सहज कळावा. आपण सगळ्याला फाटलं म्हणत नाही. शिवण उसवते, कोपरावर कापड विरतं, खिळ्याला अडकलं की खोंच पडते. वस्त्र कसं बिघडलं ते आपलं क्रियापदच सांगतं. लॅडर आणि रन हे शब्दही नेमकं तेच काम करतात.

ते समजायला मोजा हातावर चढवून उजेडाकडे धरून बघा. साडी किंवा सदऱ्याच्या कापडात ताणा-बाणा असतो, उभे-आडवे धागे एकमेकांखालून-वरून जातात. मोजा तसा नसतो, तो स्वेटरसारखा विणलेला असतो. एकाच धाग्याचे फासे, आणि प्रत्येक फासा शेजारच्या ओळीतल्या फाशाला धरून. त्यातला एक तुटला की त्याच्या आधारावरचा निसटतो, मग त्याच्या पुढचा, आणि अख्खा उभा रकाना सुटत जातो. मागे उरतात ते नुसते आडवे धागे, एकाखाली एक, शिडीच्या पायऱ्यांसारखे. म्हणून लॅडर. अमेरिकी माणसाच्या शब्दात ती रेघ सरसर पळत जाते, म्हणून रन. एकाने आकार पाहिला, दुसऱ्याने गती. मला दोन्ही शब्द फार आवडतात, पण त्या आडव्या पायऱ्या एकदा डोळ्यांनी पाहिल्या की लॅडर कायमचा लक्षात राहतो.

घरी स्वेटर विणताना सुईवरून टाका सुटला, तर आई लगेच क्रोशाची सुई घ्यायची आणि एकेक आडवा धागा फाशातून ओढत टाका वर आणून परत सुईवर चढवायची. मोज्याची शिडी म्हणजे हाच सुटलेला टाका, फक्त केसासारख्या धाग्यात. किती बारीक? १५ डेनियरचा धागा म्हणजे ९००० मीटर लांबीला वजन १५ ग्रॅम. १९४० च्या मे महिन्यात अमेरिकेत नायलॉनचे मोजे सर्रास विक्रीला आले आणि पुढे महायुद्धात ते नायलॉन पॅराशूटकडे वळलं. त्या टंचाईत शिडी पडलेला मोजा फेकून देणं परवडणारं नव्हतं. बारीक आकड्याने फासे उचलून तो दुरुस्त केला जायचा, अगदी आईच्या त्या टाक्यासारखा.

आता वापराकडे, कारण आपली माणसं अडखळतात ती इथे. आपण 'पँट फाटली' असं एकवचनात म्हणतो, म्हणून 'माय टाइट' तोंडात येतं. इंग्रजीत टाइट्स नेहमी अनेकवचनी, एक नग सांगायचा तर 'अ पेअर ऑफ टाइट्स'. स्टॉकिंग मात्र एका पायाचा सुटा असतो, तिथे एकवचन चालतं. दुसरं, आपल्या 'मोज्यावर रेघ' मुळे 'ऑन' वापरावंसं वाटतं. तिथे 'इन' हवं: 'देअर इज अ लॅडर इन माय टाइट्स', 'आय हॅव अ रन इन माय स्टॉकिंग'. लॅडरचं क्रियापदही होतं आणि ते दोन्ही बाजूंनी चालतं, 'आय हॅव लॅडर्ड माय टाइट्स' आणि 'माय टाइट्स हॅव लॅडर्ड'. 'द कलर्स रॅन' मधल्या 'रन'चा याच्याशी गोंधळ करू नका, त्याचा अर्थ एका कपड्याचा रंग जाऊन दुसऱ्याला लागला.

धागा नुसता ओढला जाऊन वर आला असेल, अजून तुटला नसेल, तर तो 'स्नॅग'. टाचेला पडलं ते 'होल'. रोजच्या जाड सुती मोज्याला सहसा होलच पडतं, लॅडर नाही.

वस्तूची नावंही सांभाळावी लागतात. ब्रिटनमधल्या पातळ टाइट्सना अमेरिकेत पँटीहोज म्हणतात, आणि तिथे टाइट्स म्हटलं की जाड, अपारदर्शक प्रकार डोळ्यांसमोर येतो. होजियरी हा शब्द तर आपल्याकडे बनियन-चड्ड्यांच्या दुकानावर असतो, तिकडे तो मुख्यतः पायातल्या मोज्यांचा.

तेव्हा भाचीने लंडनमध्ये म्हणावं, "आय हॅव लॅडर्ड माय टाइट्स," आणि लगेच रंग नसलेलं नेलपॉलिश मागावं. शिडीच्या दोन्ही टोकांना एकेक थेंब लावला की पुढचे फासे चिकटून राहतात आणि ती तिथेच थांबते.